सर्दी, फ्लू आणि घरगुती उपाय: आराम कशाने पडतो आणि कुठे थांबायचं

कवडसा | मंगळवार, संध्याकाळी ७:०५

गेले अकरा दिवस आमच्या घरात कोणी ना कोणी अंथरुणात आहे. आधी मुलगी, मग मी, आता सासूबाई. आम्हा दोघींची साधी सर्दी होती, सासूबाईंना फ्लू झाला, आणि दोन्हींतला फरक मी इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिला. मुलीची सर्दी पायरीपायरीने आली. आधी घसा खवखवला, दुसऱ्या दिवशी नाक वाहायला लागलं, तिसऱ्या दिवशी खोकला. सासूबाई दुपारी जेवून उठल्या तेव्हा ठणठणीत होत्या आणि दिवेलागणीला हुडहुडी भरली. ताप १०२ च्या वर. अंग इतकं ठणकत होतं की पांघरुणाचा भारही नको म्हणायच्या.

या अकरा दिवसांत मला इतके उपाय सांगितले गेले की मोजायचं सोडून दिलं. सांगणारे सगळे मायेने सांगत होते. पण एक जण म्हणतो वाफ दे, दुसरा म्हणतो अजिबात नको. एक म्हणतो दूध बंद कर, दुसरा म्हणतो गरम दूधच दे. शेवटी रात्री जागताना वाचायला बसले. जे समजलं ते इथे मांडते आहे, कारण आणखी कुणी तरी आत्ता असंच जागत बसलं असेल.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. घरातला कुठलाही उपाय विषाणूला मारत नाही. सर्दी करणारे विषाणू दोनशेहून जास्त आहेत, त्यातला ऱ्हायनोव्हायरस सगळ्यांत जास्त आढळतो, आणि त्याला शरीरच परतवून लावतं. साधारण सात ते दहा दिवस लागतात. आपल्या हातात असतं ते एवढंच की मधले दिवस आणि विशेषतः मधल्या रात्री सुसह्य करायच्या. ज्याने खोकत खोकत रात्र काढली आहे त्याला ही लहान गोष्ट वाटणार नाही.

मध. यावर सगळ्यांत जास्त लिहिणार आहे, कारण घरगुती उपायांपैकी याच्यामागे सगळ्यांत चांगला पुरावा आहे. २००७ मध्ये अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठातल्या डॉक्टरांनी १०५ मुलांवर अभ्यास केला. काहींना झोपण्याआधी मध दिला, काहींना खोकल्याच्या सिरपमध्ये असतं ते डेक्स्ट्रोमेथॉर्फन, काहींना काहीच नाही. मध दिलेल्या मुलांचा रात्रीचा खोकला काहीच न दिलेल्यांपेक्षा स्पष्ट कमी झाला. औषध दिलेल्या मुलांत मात्र तसा ठळक फरक दिसला नाही. पुढे २०१२ मध्ये इस्रायलमध्ये एक ते पाच वर्षांच्या ३०० मुलांवर अभ्यास झाला. तिथे तुलनेला मधासारखाच दिसणारा आणि लागणारा खजुराचा पाक ठेवला होता. तिथेही मध सरस ठरला.

आमच्याकडे मुलगी सहा वर्षांची आहे. तिला झोपायच्या अर्धा तास आधी चमचाभर, म्हणजे ५ मिली मध नुसता चाटवला. खोकला थांबला नाही, पण दर पाच मिनिटांनी उठून बसायची ती सलग तीन तास झोपली. त्या तीन तासांत मीही झोपले.

एक वर्षाखालच्या बाळाला मध कधीही देऊ नका. बोटाला लावून नाही, दुधात नाही, पाण्यातून उकळूनही नाही. मधात क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, बाळाच्या आतड्यात रुजतात आणि विष तयार करतात. स्नायू ढिले पडतात, दूध ओढता येत नाही, श्वास अडकू शकतो. हे बीजाणू घरच्या उकळण्याने मरत नाहीत.

गरम पेय. कार्डिफ विद्यापीठात सर्दीवर संशोधन करणारं एक केंद्र होतं. तिथे २००८ मध्ये सर्दी झालेल्या ३० जणांना तेच फळांचं पेय काहींना गरम आणि काहींना साध्या तापमानाचं दिलं. नाकातून जाणारी हवा मोजली तर कुणाचीच वाढली नव्हती. पण गरम प्यायलेल्यांचं नाक वाहणं, खोकला, शिंका, घसा, थकवा, थंडी वाजणं या सगळ्यांत लगेच आराम पडला. आलं घाला, लिंबू घाला, काही न घालता नुसतं गरम पाणी प्या. आवडेल ते प्या, म्हणजे जास्त प्यायलं जातं. तापात शरीरातलं पाणी झपाट्याने कमी होतं आणि सासूबाईंना तहान लागतच नव्हती, म्हणून दर तासाला अर्धा पेला हातात दिला.

मिठाच्या गुळण्या. पेलाभर कोमट पाण्यात पाव ते अर्धा चमचा मीठ. घशाची सूज आणि चिकटा कमी वाटतो, दिवसातून कितीही वेळा करता येतात. गिळायचं नाही. लहान मुलांना गुळणी थुंकता येत नसेल तर सोडून द्या.

झोप. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १६४ निरोगी माणसांच्या नाकात सर्दीचा विषाणू सोडला. सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपट निघाली. हे सर्दी होण्याआधीच्या झोपेबद्दल आहे. पण घरात एक जण आजारी असताना बाकीच्यांनी आळीपाळीने झोपणं किती गरजेचं आहे, ते यातून मला उमगलं. मी पहिले तीन दिवस झोपले नाही आणि चौथ्या दिवशी आडवी झाले.

वाफेबद्दल मला अजून कळत नाही. दूध द्यावं की नाही तेही. जाणकारांनी सांगा.

---

उंबरठा | मंगळवार, संध्याकाळी ७:४०

छान लिहिलं आहेस कवडसा. वाफेबद्दल मी सांगते, कारण माझी तीन मुलं आणि आता पाच नातवंडं, सगळ्यांना मी वाफ दिली आहे. नाक चोंदलं की पातेल्यावर टॉवेल घेऊन दहा मिनिटं बसायचं, नाक मोकळं होतं. हा माझ्या चाळीस वर्षांचा अनुभव आहे. अभ्यास काय म्हणतात ते मला माहीत नाही, पण मोकळं झालेलं नाक मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

---

रानवारा | मंगळवार, संध्याकाळी ७:५२

+१ वाफेला. शिवाय कापूर किंवा निलगिरीचं तेल घातलं तर लगेच फरक पडतो.

---

सांजसावली | मंगळवार, रात्री ८:३०

मी लहान मुलांची डॉक्टर आहे. उंबरठाताई, तुमचा अनुभव मी खोटा म्हणणार नाही. वाफेने नाकातला चिकटा सैल होतो, शिंकरून बाहेर येतो आणि थोडा वेळ बरं वाटतं. पण वाफेवर झालेल्या चाचण्या एकत्र ठेवून तपासल्या तेव्हा सर्दीत तिचा सातत्याने फायदा दिसला नाही. म्हणजे मोठ्यांना बरं वाटत असेल तर जपून घ्यावी, नाही घेतली तरी काही बिघडत नाही.

मुलांच्या बाबतीत मात्र मी हात जोडून सांगते, पातेलं नको. वाफेने भाजणं वेगळं, पण खरा धोका पातेलं कलंडण्याचा असतो. उकळतं पाणी मांडीवर, पोटावर पडतं. टॉवेलखाली मूल घाबरतं, हात झटकतं, आणि एका क्षणात होतं. मी अशी मुलं पाहिली आहेत. सर्दी आठवड्यात गेली असती, त्या भाजण्याच्या पट्ट्या महिनोन्महिने बदलाव्या लागल्या. ते आईवडील निष्काळजी नव्हते, चांगलं करायला गेले होते. मुलाला वाफच द्यायची असेल तर न्हाणीघराचं दार लावून गरम पाण्याचा शॉवर चालू ठेवा आणि पाण्यापासून लांब त्याला मांडीवर घेऊन दहा मिनिटं बसा.

कापूर आणि निलगिरीबद्दल. रानवारा, लगेच फरक पडल्यासारखं वाटतं ते खरं आहे. त्यांच्या वासाने नाकातले थंडावा ओळखणारे मज्जातंतू उत्तेजित होतात आणि मेंदूला हवा भरपूर येते आहे असं वाटतं. नाकाची वाट तेवढीच राहते. मोठ्यांना त्याने झोप लागत असेल तर हरकत नाही. पण कापूर आणि निलगिरीचं तेल पोटात गेलं तर विष आहे. लहान मुलाला अगदी थोड्या कापरानेही झटके येऊ शकतात. दोन वर्षांखालच्या मुलांना कापराचं मलम छातीलाही लावू नका, त्याहून मोठ्यांच्या नाकाखाली किंवा नाकपुडीत लावू नका, आणि डबी हाताला लागेल अशी ठेवू नका.

दुधाबद्दल: दुधाने कफ वाढत नाही. ऑस्ट्रेलियात १९९० मध्ये ६० जणांना मुद्दाम सर्दीचा विषाणू देऊन त्यांच्या नाकातला स्राव वजन करून मोजला होता. दूध जास्त पिणाऱ्यांत तो जास्त नव्हता. दूध लाळेत मिसळल्यावर थोडं दाटसर लागतं, म्हणून कफ झाल्यासारखं वाटतं. आजारी मूल दुसरं काही खात नसेल आणि दूध पीत असेल तर पिऊ द्या.

---

उंबरठा | मंगळवार, रात्री ८:४८

डॉक्टरताई, पातेलं कलंडण्याचं तुम्ही लिहिलंत आणि माझ्या पोटात गोळा आला. धाकट्याच्या वेळी एकदा पातेलं हललं होतं, पाणी चटईवर सांडलं. मी ते नशीब म्हणून विसरून गेले होते. नातवंडांना आता न्हाणीघरातच बसवीन.

---

गायकी | मंगळवार, रात्री ९:१५

आवाज हेच माझं पोटापाण्याचं साधन, म्हणून घशाबद्दल लिहितो.

गुळण्यांना माझं पूर्ण अनुमोदन. जपानमध्ये २००५ मध्ये जवळपास चारशे निरोगी लोकांवर अभ्यास झाला होता. नुसत्या साध्या पाण्याने दिवसातून तीनदा गुळण्या करणाऱ्यांना सर्दीपडसं होण्याचं प्रमाण एक तृतीयांशाहून जास्त घटलं. गंमत अशी की आयोडीनच्या औषधी गुळण्या करणाऱ्यांना तेवढा फायदा झाला नाही. तेव्हापासून मी बाहेरून आलो की हात धुतो तसं गुळणी करतो.

ज्येष्ठमध घशाला फार सुखावतो. शस्त्रक्रियेआधी त्याच्या गुळण्या करून घेतल्या तर भूल देताना घशात घातलेल्या नळीमुळे होणारी खवखव कमी होते, असंही तपासलं गेलं आहे. पण रोज चघळायची सवय लावू नका. त्यातल्या ग्लिसिऱ्हायझिनमुळे शरीरात मीठ आणि पाणी साठतं, पोटॅशियम घटतं आणि रक्तदाब वाढतो. माझ्या गुरुबंधूंना हे महागात पडलं. औषधाच्या गोळ्या चालू असूनही रक्तदाब का उतरत नाही, ते महिनाभर कुणालाच कळेना. शेवटी खिशातल्या ज्येष्ठमधाच्या काड्या सापडल्या. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी दूरच राहावं.

आणखी एक. घसा बसला की लोक कुजबुजत बोलतात. कुजबुजण्यानेही स्वरयंत्रावर ताण येतो. बोलायचंच असेल तर हळू पण नेहमीच्या आवाजात बोला, आणि शक्य असेल तर दोन दिवस गप्प राहा.

---

पाणपोई | मंगळवार, रात्री ९:३३

नाक धुण्याबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? मिठाच्या पाण्याने नाक धुतलं की मला जेवढा आराम पडतो तेवढा कशानेच पडत नाही. एडिनबर्गमध्ये २०१९ मध्ये एक छोटी चाचणी प्रसिद्ध झाली, त्यात सर्दीच्या सुरुवातीपासून मिठाच्या थोड्या तीव्र पाण्याने नाक धुऊन गुळण्याही करणाऱ्यांची सर्दी जवळपास दोन दिवस आधी संपली. चाचणी लहान होती, तरी माझ्या नाकाचं मत तेच आहे.

प्रमाण: पाव लिटर पाण्याला साधारण सव्वादोन ग्रॅम मीठ, म्हणजे अर्ध्या छोट्या चमच्याहून किंचित कमी. एवढ्याने पाणी शरीरातल्या द्रवांइतकं खारट होतं आणि झोंबत नाही. नुसतं पाणी वापरलं तर डोक्यात कळ जाते.

आणि पाणी उकळलेलंच हवं. नळाचं थेट नको, विहिरीचं नको. अमेरिकेत लुईझियाना राज्यात २०११ मध्ये दोन जण नळाच्या पाण्याने नाक धुतल्यामुळे दगावले. पाण्यातला निग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा नाकातून थेट मेंदूपर्यंत गेला. तेच पाणी प्यायल्याने काही होत नाही, नाकातून वर गेलं तरच धोका. खळखळून उकळी आली की तीन ते पाच मिनिटं उकळू द्या, झाकून कोमट करा, मग वापरा. भांडंही त्याच पाण्याने धुवा.

---

चांदणवेल | बुधवार, पहाटे २:१२

कुणी जागं आहे का? बाळ साडेपाच महिन्यांचं आहे. दोन दिवस सर्दी आहे, आज रात्री नाक पूर्ण बंद झालं. दूध प्यायला लागतो आणि दोन घोटांत सोडून रडतो. ताप नाही, आत्ताच पाहिला, ९८.९ आहे. घरात मी एकटीच आहे. मघाशी फोनवर मला बोटभर मध आणि छातीला कापराचं मलम सांगितलं गेलं. मधाची बाटली काढून ठेवली होती, आणि मग हा धागा दिसला. आता काय करू?

---

कवडसा | बुधवार, पहाटे २:१६

जागी आहे. मध आणि मलम दोन्ही आत ठेवून द्या. सांजसावलींना निरोप टाकला आहे. बाळ श्वास घेताना कसं दिसतंय? ओठ, जीभ गुलाबी आहेत ना?

---

चांदणवेल | बुधवार, पहाटे २:१९

हो, गुलाबी आहेत. रडतो तेव्हा तोंडाने घेतो आणि मग बरा वाटतो.

---

सांजसावली | बुधवार, पहाटे २:२४

चांदणवेल, आले. आधी हे पाहा. बाळाचा अंगरखा वर करा, दिवा लावा, आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट पोट किती वेळा वर येतं ते मोजा. तो शांत असताना मोजा, रडताना नाही. दोन महिने ते एक वर्ष या वयात मिनिटाला ५० किंवा जास्त श्वास म्हणजे तो वेगाने श्वास घेतो आहे आणि त्याला आत्ताच दवाखान्यात न्यायला हवं. श्वासागणिक बरगड्यांखाली खळगा पडतोय का, नाकपुड्या फुलतायत का, कण्हल्यासारखा आवाज येतोय का, तेही पाहा. यातलं एकही असेल तर पुढचं वाचू नका, निघा.

नसेल तर: या वयाची बाळं मुख्यतः नाकानेच श्वास घेतात, म्हणून नाक बंद झालं की दूध ओढता येत नाही. औषधांच्या दुकानातले नाकात घालायचे मीठपाण्याचे थेंब घरात आहेत का? औषधी थेंब नाही, फक्त सलाइन.

---

चांदणवेल | बुधवार, पहाटे २:३३

मोजले. ३८. पुन्हा मोजले, ४०. खळगा नाही, आवाज फक्त नाकाचा घरघर. सलाइनची बाटली आहे, जन्मल्यावर दिली होती, पण ती तेव्हाच उघडली होती.

---

सांजसावली | बुधवार, पहाटे २:३६

३८, ४० ठीक आहे. जुनी उघडलेली बाटली वापरू नका. पाणी पाच मिनिटं उकळा, त्यातलं पाव लिटर मोजून घ्या, वर पाणपोईंनी दिलेलं मीठ घाला, झाकून पूर्ण कोमट होऊ द्या. चमचा किंवा ड्रॉपर त्याच उकळत्या पाण्यात ठेवा. मग बाळाला उताणं घेऊन प्रत्येक नाकपुडीत दोन ते तीन थेंब. एक मिनिट थांबा. तो शिंकेल, खोकेल, ते चांगलं आहे. रबरी फुगा असेल तर आधी बाहेर दाबून मग टोक नाकपुडीत अगदी थोडं ठेवून हळूच सोडा. नसेल तर मऊ कापडाने बाहेर आलेलं पुसा. लगेच दूध पाजा. थोडं थोडं, पण जास्त वेळा. पाजण्याआधी दर वेळी हेच.

डोक्याखाली उशी देऊ नका. झोपताना उताणं, सपाट गादीवर. उभं धरून खांद्यावर घेतलंत तर त्याला बरं वाटेल, पण तुम्हाला झोप येत असेल तर त्याला घेऊन बसू नका, खाली ठेवा.

शेवटचं डायपर कधी ओलं होतं?

---

चांदणवेल | बुधवार, पहाटे २:३९

साडेबाराला. चांगलं ओलं होतं. पाणी उकळायला ठेवलं आहे.

---

कवडसा | बुधवार, पहाटे २:४०

मी इथेच आहे, सासूबाईंना चारला औषध द्यायचं आहे. झालं की लिहा.

---

चांदणवेल | बुधवार, पहाटे ३:२८

डावीकडून एवढं मोठं निघालं! उजवीकडून थोडं. मग दहा मिनिटं सलग प्यायला. आता झोपला आहे. मी रडते आहे. तुम्हा दोघींना काय म्हणू.

---

सांजसावली | बुधवार, पहाटे ३:३१

काही म्हणू नका, झोपा. सकाळी एकदा तुमच्या डॉक्टरांना दाखवून या. आठ तासांत लघवी झाली नाही, दूध निम्म्याहून कमी झालं, ताप १००.४ च्या वर गेला किंवा श्वास वाढला तर सकाळची वाट पाहू नका. आणि इतर वाचणाऱ्यांसाठी: तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४, म्हणजे ३८ सेल्सिअस ताप आला की घरी काहीच करून पाहायचं नाही, थेट दवाखाना.

---

रानवारा | बुधवार, सकाळी ८:०५

सकाळी उठून हे सगळं वाचलं. काल मी इथेच कापूर सुचवला होता. माझा प्रतिसाद तसाच राहू द्या, पण वाचणाऱ्यांनी खालचा डॉक्टरांचा प्रतिसाद वाचल्याशिवाय तो घेऊ नये. चांदणवेल, बाळ कसं आहे ते कळवा.

---

हिशेबनीस | बुधवार, सकाळी १०:२०

घरगुती उपायांसोबत आपण दुकानातून गोळ्याही आणतोच, म्हणून थोडं. सर्दीतापाच्या बहुतेक संयुक्त गोळ्यांत पॅरासिटामॉल असतं. वर तापासाठी वेगळी पॅरासिटामॉलची गोळी घेतली की दुप्पट होतं. मोठ्या माणसाने दिवसात ४ ग्रॅमच्या वर जायचं नाही, यकृत आधीच कमजोर असेल तर त्याहून बरंच कमी. पाकिटावरचं बारीक अक्षर वाचा. मुलांना विषाणूच्या तापात ॲस्पिरिन नको, राय सिंड्रोम नावाचा मेंदू आणि यकृताचा गंभीर आजार होऊ शकतो. नाक मोकळं करणारे औषधी स्प्रे सलग पाच दिवसांच्या वर मारले की सोडल्यावर नाक आणखी चोंदतं आणि माणूस स्प्रेचा बांधील होतो. मी स्वतः दोन वर्षं त्यात अडकलो होतो. पाणपोईंच्या मिठाच्या पाण्याने सुटलो.

शेंबूड हिरवा झाला की लोक अँटिबायोटिक मागतात. हिरवा रंग आपल्याच पांढऱ्या पेशींतल्या एका एन्झाइमचा असतो. नुसत्या रंगावरून जिवाणूंचा संसर्ग ठरत नाही, आणि विषाणूवर अँटिबायोटिक चालतच नाही.

---

शेवंती | बुधवार, दुपारी १२:४५

व्हिटॅमिन सी आणि झिंकबद्दल कुणी सांगेल का? आमच्या घरात शिंक आली की लगेच गोळी घेतात.

---

सांजसावली | बुधवार, दुपारी २:१०

नोबेल विजेते लायनस पॉलिंग यांनी १९७० मध्ये व्हिटॅमिन सी घेण्याचा जोरदार पुरस्कार केला, तेव्हापासून हा समज घराघरांत आहे. पुढच्या चाचण्यांतून दिसलं ते असं: रोज घेणाऱ्यांची सर्दी मोठ्यांत सुमारे ८ टक्के आणि मुलांत १४ टक्के लवकर संपते. शिंक आल्यावर सुरू केलेल्या गोळीचा मात्र सातत्याने फायदा दिसत नाही. फळं खा, गोळीच्या मागे लागू नका.

झिंकच्या चघळण्याच्या गोळ्या पहिल्या २४ तासांत सुरू केल्या तर काहींना फायदा होत असावा, पण मळमळतं आणि तोंडाची चव जाते. नाकात घालायचं झिंक अजिबात नको, त्याने वास कायमचा गेल्याच्या तक्रारी आल्यावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ मध्ये इशारा दिला होता.

---

कवडसा | बुधवार, संध्याकाळी ६:३०

सगळ्यांचे आभार. माझ्याकडून जे चुकलं तेही लिहिते, कारण काल लिहायची हिंमत झाली नाही.

सासूबाईंना ताप आला त्या रात्री मी आलं-मध दिलं, गरम पाणी दिलं, अंग दाबून दिलं. दुसऱ्या दिवशीही तेच. त्या ७१ वर्षांच्या आहेत आणि त्यांना मधुमेह आहे. डॉक्टरांकडे नेलं तिसऱ्या दिवशी संध्याकाळी. तेव्हा कळलं की फ्लूवर विषाणूरोधक औषध असतं, ते पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर सगळ्यांत चांगलं लागू पडतं, आणि त्यांच्या वयाच्या आणि मधुमेह असलेल्या माणसाला ते लवकर मिळायला हवं होतं. उशिरा का होईना सुरू केलं. वयस्कर माणसं, गरोदर बायका, दोन वर्षांखालची मुलं, दमा, हृदय, मूत्रपिंडाचे रुग्ण यांना एकाएकी ताप आणि अंगदुखी सुरू झाली तर मध-आलं द्याच, पण त्याच दिवशी फोनही करा. मी घरचं सगळं मनापासून केलं आणि त्यात दोन दिवस गेले.

आज ताप नाही. पण डॉक्टरांनी बजावून सांगितलं आहे की बरं वाटायला लागल्यावर दोन-चार दिवसांनी ताप पुन्हा उलटला, धाप लागली, छातीत दुखलं किंवा बोलण्यात गोंधळ झाला तर न्यूमोनिया असू शकतो, लगेच आणायचं. म्हणून ताप लिहायची वही अजून चालू ठेवली आहे.

---

उंबरठा | बुधवार, संध्याकाळी ७:००

कवडसा, तू तीन रात्री जागून त्यांचं केलंस. स्वतःला फार दोष देऊ नकोस. खोकला किती दिवस राहील विचारलंस का? माझा नेहमी रेंगाळतो.

---

सांजसावली | बुधवार, रात्री ८:१५

खोकला सरासरी अडीच आठवडे राहतो, बाकी सगळं बरं झालं तरी. तीन आठवड्यांच्या वर गेला, कफातून रक्त आलं किंवा वजन उतरलं तर दाखवा. तोपर्यंत मध चालू ठेवा. सासूबाईंना मधुमेह आहे, तेव्हा चमचा मोजून, आणि साखर तपासत राहा.

---

चांदणवेल | गुरुवार, सकाळी ९:५०

काल डॉक्टरांना दाखवलं. छाती साफ आहे, कान ठीक आहेत. नवी सलाइनची बाटली आणि रबरी फुगा घेऊन आले. रात्री तीनदा थेंब घातले, तिन्ही वेळा पोटभर प्यायला. आज सकाळी श्वास ३६.

मला आता घसा खवखवायला लागला आहे. गुळण्या करते आहे. बाळाला पाजताना मास्क लावते आणि दर वेळी हात धुते. गायकीदादा, नुसत्या पाण्याच्या गुळण्या की मिठाच्या?

---

गायकी | गुरुवार, सकाळी १०:०५

खवखव सुरू झाली आहे तेव्हा मिठाच्या. आणि बाळ झोपलं की तुम्हीही झोपा.